एक 'च' कमी करू या

(आपले काम चांगले व्हावे, ही इच्छा योग्य आहे. पण 'माझ्याकडून एकही चूक होता कामा नये' असा हट्ट धरला की अभ्यासाचा आनंद जातो आणि मनावर ताण येतो. हा ताण हलका करण्यासाठी औषधी वनस्पतींचा उपयोग किती आणि विचार करण्याची सवय बदलण्याचा उपयोग किती, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, तुम्ही कधी वहीचे पान फाडले आहे का? चूक झाली म्हणून एक पान फाडले. दुसऱ्या पानावर अक्षर वाकडे आले म्हणून तेही फाडले. शेवटी वही पातळ झाली आणि निबंध मात्र लिहून झाला नाही. असे तुमच्या बाबतीत कधी घडले असेल, तर हा पाठ तुमच्यासाठीच आहे.

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमध्ये एक मुलगी राहते. तुमच्यासारखीच ती उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकते. आपण तिला नुसते 'ती' म्हणू. कारण ती तुमच्यापैकी कोणीही असू शकेल.

ती हुशार आहे. गणितात तिला नेहमी चांगले गुण मिळतात. उर्दूचे तिचे अक्षर तर मोत्यासारखे! पण मराठीच्या तासाला ती हात वर करत नाही. 'फळा' म्हणताना आपल्या तोंडून 'फला' निघाले तर? 'माझे पुस्तक' म्हणण्याऐवजी 'माझी पुस्तक' म्हटले गेले तर? मुले हसतील, बाई काय म्हणतील, या भीतीने ती गप्प बसते. उत्तर येत असते, पण ओठांवर येत नाही.

एके दिवशी बाईंनी सांगितले, "आपल्या शहराविषयी पंधरा ओळी लिहून आणा." रात्री जेवण झाल्यावर ती लिहायला बसली. पहिली ओळ लिहिली : 'माझा शहर उल्हासनगर आहे.' मग तिला आठवले की मराठीत 'शहर' हा शब्द नपुंसकलिंगी आहे. 'माझा शहर' नव्हे, 'माझे शहर'. तिने टर्रकन पान फाडले. दुसऱ्या पानावर ओळ बरोबर आली, पण 'ह' नीट जमला नाही. तेही पान गेले. तिसऱ्या पानावर शाईचा ठिपका पडला. साडेदहा वाजले. पाच पाने चुरगळून खाली पडली होती आणि वहीत एकही ओळ नव्हती. तिचे हात गार पडले. पोटात गोळा आला. छातीत धडधडू लागले.

मुलांनो, असे का होते? समोर वाघ आला तर आपले शरीर पळण्यासाठी तयार होते. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या लहान ग्रंथींतून एक रस रक्तात मिसळतो. त्यामुळे हृदय जोराने चालते, श्वास जलद होतो, स्नायू ताठ होतात, पोटाचे काम मंदावते. वाघापासून वाचण्यासाठी ही योजना फार चांगली आहे. पण शरीराला वाघ आणि 'माझा शहर' यांतला फरक कळत नाही. मनाने चुकीला वाघ मानले की शरीरही तसेच मानते. हाच ताण होय.

तिची अम्मी ओट्याजवळ आवरत होती. तिने खाली पडलेले कागद पाहिले, पण ती रागावली नाही. गॅलरीतल्या कुंडीत गवती चहा लावलेला होता. त्याची दोन पाती तिने कापली, स्वच्छ धुतली, त्यांचे तुकडे केले आणि पाण्यात टाकून पाच मिनिटे उकळले. वर झाकण ठेवले. चहाची पत्ती मात्र घातली नाही. गाळून, थोडा गूळ घालून तिने कप मुलीच्या हातात दिला.

"अम्मी, मला वेळ नाही," ती म्हणाली.

"पाच मिनिटे आहेत, बेटा. आधी वास घे, मग पी."

आता या कपात काय होते, ते आपण पाहू.

गवती चहाच्या पातीत एक सुगंधी तेल असते. लिंबाच्या सालीला येणारा वास याच प्रकारच्या द्रव्याचा असतो. महाराष्ट्रात घरोघरी हा चहा पावसाळ्यात आणि सर्दीत पितात. त्याने मनावरचा ताण निश्चित जातो, असे शास्त्राने सिद्ध केलेले नाही. मग त्याचा उपयोग काय? उपयोग असा की गरम कप हातात धरला की माणूस बसतो. वास घेताना श्वास खोल जातो. फुंकर घालताना श्वास हळूहळू बाहेर सुटतो. श्वास हळू सोडला की हृदयाची गती थोडी मंदावते. शिवाय अम्मीने पत्ती घातली नव्हती. चहाच्या पत्तीत झोप उडवणारे द्रव्य असते. रात्री जागण्यासाठी मुले कडक चहावर चहा पितात, त्यामुळे झोप तर जातेच, पण धडधडही वाढते.

आपल्या देशात आणि देशाबाहेर मन शांत करण्यासाठी अनेक वनस्पती वापरल्या जातात. युनानी वैद्यकात बाबूना प्रसिद्ध आहे. त्याची पांढरी, मध्ये पिवळी फुले वाळवून त्यांचा काढा करतात. युरोपातही झोपेपूर्वी तो पिण्याची जुनी पद्धत आहे. मात्र बाबूना शेवंतीच्या कुळातला आहे. अशा फुलांनी ज्यांच्या अंगावर पुरळ उठतो किंवा ज्यांना दम लागतो, त्यांनी तो घेऊ नये. जायफळ तुम्ही शिरखुर्म्यात किंवा बासुंदीत खाल्ले असेल. आजी सहाणेवर त्याचे एक-दोन वेढे उगाळून झोपेसाठी दुधातून देते. पण तेच जायफळ जास्त खाल्ले तर उलट्या होतात, धडधड वाढते, माणूस बरळू लागतो. चिमूटभर सुगंध आणि चमचाभर विष, अशी त्याची गोष्ट आहे.

ब्राह्मीचे नाव तर तुम्ही तेलाच्या बाटलीवर वाचलेच असेल. गंमत अशी की या एकाच नावाने दोन वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. एकीची पाने लहान आणि मांसल असतात. दुसरीची पाने गोलसर असतात. तिला मंडूकपर्णी असेही म्हणतात. दोन्ही ओलसर जागी वाढतात. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. अंबरनाथहून उल्हासनगरमार्गे कल्याणकडे वाहणाऱ्या वालधुनी नदीत कारखान्यांचे आणि गटारांचे पाणी फार मिसळले आहे. अशा पाण्याच्या काठी उगवलेली कोणतीही पाने तोडून खाऊ नका. पाण्यातले विषारी पदार्थ वनस्पतीच्या मुळांतून पानांपर्यंत पोहोचतात. औषधी वनस्पती चांगली असली, तरी तिचे पाणीही चांगले हवे.

अश्वगंधेला युनानी वैद्यकात 'असगंद' म्हणतात. 'अश्व' म्हणजे घोडा. या वनस्पतीच्या मुळाला घोड्यासारखा वास येतो, म्हणून हे नाव पडले. अलीकडच्या काही प्रयोगांत मोठ्या माणसांचा ताण तिने थोडा कमी झाल्याचे दिसले आहे. पण काही जणांच्या यकृताला तिच्यामुळे इजा झाल्याचेही आढळले आहे. म्हणून दुकानातली डबी पाहून तुम्ही ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. वैद्य, हकीम किंवा डॉक्टर यांना विचारावे आणि आपण दुसरे कोणते औषध घेत असू, तर तेही त्यांना सांगावे.

'झाडपाल्याचे औषध आहे, त्याने अपाय होत नाही,' असे पुष्कळ लोक म्हणतात. ते खरे नाही. यासाठी सर्पगंधेची हकिकत ऐका.

सर्पगंधा हे लहानसे झुडूप आहे. युनानीत तिला 'असरोल' म्हणतात. तिचे मूळ वेड आणि निद्रानाश यांवर आपल्या देशात फार पूर्वीपासून दिले जात असे. दिल्लीचे थोर हकीम अजमल खाँ (१८६८ ते १९२७) यांना वाटे की जुन्या औषधांची नव्या शास्त्राने परीक्षा व्हावी. त्यांनी सलीमुज्जमाँ सिद्दीकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला हे काम दिले. सिद्दीकींनी १९३१ साली सर्पगंधेच्या मुळातून काही शुद्ध द्रव्ये वेगळी केली. एका द्रव्याला त्यांनी हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' असे नाव दिले. पुढे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ही वनस्पती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिली. काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली त्या इंग्लंडमधील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. मग साऱ्या जगाचे लक्ष सर्पगंधेकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील 'रेसरपिन' हे द्रव्य वेगळे करण्यात आले. रक्तदाबासाठी आणि अस्वस्थ मनोरुग्णांना शांत करण्यासाठी ते जगभर दिले जाऊ लागले.

पण गोष्ट इथे संपत नाही. रेसरपिन घेणारे काही रुग्ण सुस्त झाले. काही जण फार उदास झाल्याचे डॉक्टरांनी लिहून ठेवले. मग त्याहून सुरक्षित औषधे आली आणि आता रेसरपिन क्वचितच दिले जाते. पाहा, एका झुडपाच्या मुळात केवढी ताकद होती! जिथे ताकद असते, तिथे अपायही असू शकतो. म्हणून घरात प्यायचा गवती चहा वेगळा आणि औषध म्हणून घ्यायची मुळी वेगळी. पहिल्यासाठी अम्मी पुरेशी आहे. दुसरीसाठी जाणकारच हवा.

आता पुन्हा आपल्या मुलीकडे येऊ. चहा पिऊन झाला. हात थोडे उबदार झाले. धडधड कमी झाली. पण वही कोरीच होती आणि भीतीही तशीच होती. चहाने शरीराला थोडी उसंत दिली. मनातला विचार मात्र चहाने बदलला नाही. तो कोणत्याच पानाने, फुलाने किंवा मुळीने बदलत नसतो. तो आपला आपल्यालाच बदलावा लागतो.

अम्मी तिच्याजवळ बसली. "तुझे मामू शिलाईचे काम करतात. जीन्सची शिवण वाकडी गेली, तर ते काय करतात?"

"कात्रीच्या टोकाने टाके उसवतात आणि पुन्हा शिवतात."

"कापड फाडून फेकत नाहीत ना?"

"छे! तसे केले तर कारखाना एका दिवसात बंद पडेल."

"मग तू पान का फाडतेस?"

ती काहीच बोलली नाही. अम्मी पुढे म्हणाली, "माझे आजोबा लाकडी तख्तीवर बोरूने लिहायला शिकले. तख्ती भरली की ती धुवायची, तिला मुलतानी माती लावायची, उन्हात वाळवायची आणि पुन्हा लिहायचे. ते म्हणत, एक एक अक्षर शंभरदा धुतले, तेव्हा कुठे हात बसला. पुसलेल्या अक्षरांची त्यांना लाज वाटत नव्हती. त्यालाच तर ते मश्क म्हणत."

मुलांनो, 'मश्क' म्हणजे सराव. सरावात चूक होणारच. चूक होणार नसती, तर सरावाची गरजच काय होती?

दुसऱ्या दिवशी तिने बाईंना खरे सांगितले, "बाई, निबंध झाला नाही. चूक झाली की मी पान फाडते." बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिला फळ्याजवळ बोलावले आणि विचारले, "रात्री तुझ्या मनात कोणते वाक्य येत होते?" तिने फळ्यावर लिहिले :

'माझा निबंध बिनचूक झालाच पाहिजे.'

बाईंनी लाल खडूने त्यातल्या एका अक्षराभोवती वर्तुळ काढले. ते अक्षर होते 'च'.

मराठीतला 'च' फार छोटा आहे, पण जबरदस्त आहे. उर्दूत 'ही' म्हणून जो जोर आपण देतो, तोच जोर मराठीत 'च' देतो. 'मैं ही जाऊँगा' म्हणजे 'मीच जाईन'. आणि मराठीतला 'ही' म्हणजे उर्दूतला 'भी'. 'मीही जाईन' म्हणजे 'मैं भी जाऊँगा'. मराठी शिकताना तुम्ही इथे नेहमी घोटाळता, नाही का?

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात अल्बर्ट एलिस (१९१३ ते २००७) नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. १९५५ च्या सुमारास त्यांनी विचार बदलून मनाचा त्रास कमी करण्याची एक पद्धत मांडली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : इच्छा माणसाला त्रास देत नाही, इच्छेचा हट्ट त्रास देतो. 'मला यश मिळावे' ही इच्छा झाली. 'मला यश मिळालेच पाहिजे, नाही तर माझी काही किंमत नाही' हा हट्ट झाला. इच्छा आपल्याला कामाला लावते. हट्ट आपल्याला घाबरवतो आणि काम थांबवतो. आपल्या जवळ ठाण्यालाही मनाच्या आरोग्यासाठी काम करणारी एक संस्था आहे. 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' हे तिचे नाव. डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९० साली सुरू केली.

बाईंनी फळ्यावरचे वाक्य पुसून असे लिहिले :

'माझा निबंध चांगला व्हावा, असे मला वाटते. चूक झाली तरीही मी तो पूर्ण करीन.'

'च' गेला आणि 'ही' आला. वाक्य थोडे लांबले, पण श्वास मोकळा झाला. लक्षात घ्या, बाईंनी 'कसाही लिही, चालेल' असे म्हटले नाही. मेहनत तेवढीच राहिली. फक्त मेहनतीच्या पाठीवरचा चाबूक गेला.

तुम्हालाही हे करून पाहता येईल. त्यासाठी या चार सवयी लावा.

पहिली सवय : पान फाडू नका. चुकलेल्या शब्दावर एकच सरळ रेघ मारा आणि पुढे बरोबर शब्द लिहा. मागे पाहिले की आपण काय शिकलो, ते त्या रेघेवरून कळते.

दुसरी सवय : मनात आलेले कठोर वाक्य कागदावर लिहा. 'मला काहीच येत नाही,' असे आपण स्वतःला सहज म्हणतो. आता विचार करा, तुमचा धाकटा भाऊ रडत आला आणि असेच म्हणाला, तर तुम्ही त्याला काय सांगाल? 'अरे, तुला पाढे येतात, कविता येते, फक्त हे गणित राहिले आहे. चल, पाहू या.' जे शब्द भावाला, तेच स्वतःला. स्वतःशी गोड बोलणे म्हणजे स्वतःचे लाड करणे नव्हे. खरे आणि पूर्ण बोलणे होय.

तिसरी सवय : कामाला वेळेची मर्यादा घाला. घड्याळ लावून पंचवीस मिनिटे लिहा, मग पाच मिनिटे उठा. बदलापूरचे नाव कसे पडले, याविषयी एक आख्यायिका सांगतात. शिवाजी महाराजांच्या काळात इथे दमलेले घोडे बदलून ताजे घोडे घेत, म्हणून हे 'बदलापूर'. 'बदल' हा शब्द उर्दूत आणि मराठीत सारखाच आहे. दमलेल्या घोड्याला चाबूक मारून लांबचा प्रवास होत नाही, हे स्वारांना ठाऊक असते. आपल्या मनाला मात्र आपण रात्री बारापर्यंत चाबूक मारतो. झोप हा अभ्यासाचा शत्रू नाही. वाचलेले लक्षात बसवण्याचे काम मेंदू झोपेतही करत असतो.

चौथी सवय : धडधड सुरू झाली की लेखणी खाली ठेवा. मनात चार अंक मोजत श्वास घ्या आणि सहा अंक मोजत सोडा. असे दहा वेळा करा. यासाठी काहीही विकत आणावे लागत नाही.

त्या महिन्यात शाळेची सहल अंबरनाथच्या शिवमंदिराला गेली. वालधुनीच्या काठावरचे हे मंदिर शिलाहार राजांच्या काळातले आहे. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा उल्लेख आहे. बाहेरच्या भिंतींवर एक हातही जागा रिकामी सोडलेली नाही, इतके कोरीव काम आहे. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून जावे लागते. बाईंनी मुलांना वर पाहायला सांगितले. मुलांनी पाहिले, तर गाभाऱ्यावरचे शिखर मध्येच थांबलेले!

"पडले का, बाई?" एकाने विचारले.

"अभ्यासकांना वाटते, ते बहुधा पूर्ण झालेच नसावे," बाई म्हणाल्या.

ती बराच वेळ वर पाहत राहिली. साडेनऊशेहून अधिक वर्षे झाली. शिखर अपुरे आहे. तरी लोक दुरून येतात आणि भिंतींवरच्या कामापुढे थक्क होतात. शिखर पुरे होत नाही म्हणून कारागिरांनी खालचे दगड फोडून टाकले असते, तर आज पाहायला काय उरले असते?

परत येताना तिने निबंधाची पुढची ओळ मनात जुळवली. तिचे स्वतःचे शहरही असेच उभे राहिले होते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. १९४७ साली देशाची फाळणी झाल्यावर सिंधमधून आलेल्या हजारो निर्वासित कुटुंबांना या छावणीच्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीला 'उल्हासनगर' हे नाव दिले. बराकी काही घरे नव्हती. पण 'आधीसारखे घर मिळेल तेव्हाच चूल पेटवू' असा हट्ट लोकांनी धरला नाही. बराकीतच त्यांनी संसार मांडले, व्यापार सुरू केले, शाळा काढल्या. 'कॅम्प' हा शब्द आजही पत्त्यात राहिला आहे, आणि शहरही वाढले आहे.

पुढच्या आठवड्यात तिने निबंध वर्गात वाचून दाखवला. वहीत तीन ठिकाणी रेघा होत्या. वाचताना 'वेळ' चा 'वेल' झालाच. मागच्या बाकावरून कोणीतरी हसले. तिचे कान गरम झाले. ती क्षणभर थांबली, तिने श्वास घेतला, हळू सोडला आणि म्हणाली, "वेळ." मग पुढे वाचले. बाईंनी वहीवर दहापैकी सात गुण दिले. घरी आल्यावर अम्मीने विचारले, "सातच?" ती हसून म्हणाली, "अम्मी, तुमच्या वाक्यातला 'च' काढा!"

मुलांनो, तिची भीती त्या एका दिवसात संपली असे समजू नका. पुढेही तिने एक-दोन पाने फाडली. जुनी सवय हळूहळूच जाते. तिच्यावर रागावले की ती आणखी घट्ट धरते.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. काही वेळा ताण चहाने, श्वासाने आणि विचारानेही हटत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, शाळेत जावेसेच वाटत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ते लपवू नका. त्याच दिवशी अम्मी-अब्बूंना, शिक्षकांना किंवा विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा. ताप आला तर आपण लाजत नाही. मग मन आजारी पडले तर का लाजावे? सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री केव्हाही, मोफत बोलता येते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे.

युनानी हकीम मनाला आनंद देणाऱ्या औषधांना 'मुफर्रिह' म्हणतात. हा शब्द 'फरहत' या शब्दाशी नाते सांगतो. फरहत म्हणजे आनंद, आणि मराठीत त्यालाच 'उल्हास' असेही म्हणतात. ज्या शहराच्या नावातच फरहत आहे, तिथल्या मुलांनी वहीचे पान भीतीने का फाडावे? गवती चहा जरूर प्या. पण कप खाली ठेवला की लेखणी हातात घ्या, आणि मनातल्या वाक्यातला एक 'च' कमी करा.

शब्दार्थ

हट्ट – जिद्द
ताण – दबाव, मनावरचे ओझे
उसंत – थोडी विश्रांती, फुरसत
उसवणे – घातलेले टाके काढणे
बोरू – वेताचा किंवा बांबूचा कलम
सहाण – औषध उगाळण्याचा दगड
यकृत – जिगर
निद्रानाश – झोप न येणे
आख्यायिका – लोकांत सांगितली जाणारी जुनी गोष्ट
निर्वासित – आपले घर व गाव सोडून यावे लागलेला
पोटात गोळा येणे – खूप भीती वाटणे
थक्क होणे – आश्चर्याने चकित होणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलीने पहिले पान का फाडले?
(आ) अम्मीने चहात पत्ती का घातली नाही?
(इ) 'अजमलीन' हे नाव कोणाच्या स्मरणार्थ दिले आहे?
(ई) अंबरनाथच्या मंदिरातील शिलालेखात कोणत्या वर्षाचा उल्लेख आहे?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'झाडपाल्याच्या औषधाने अपाय होत नाही,' हे म्हणणे बरोबर का नाही?
(आ) इच्छा आणि हट्ट यांत काय फरक आहे?
(इ) अपुरे शिखर पाहून मुलीच्या मनात कोणता विचार आला?

३. पुढील वाक्यांतील हट्ट काढून ती पुन्हा लिहा.
(अ) माझा पहिला नंबर आलाच पाहिजे.
(आ) माझे अक्षर सर्वांत सुंदर असलेच पाहिजे.
(इ) खेळात आम्ही जिंकलेच पाहिजे.

४. 'माझा', 'माझी', 'माझे' यांपैकी योग्य शब्द लिहा.
...... शहर, ...... शाळा, ...... चहा, ...... पुस्तक, ...... वही, ...... घर

५. उपक्रम : आपल्या घरातील मोठ्या माणसांना विचारा, 'काम शिकताना तुमची कोणती चूक झाली होती आणि तिच्यातून तुम्ही काय शिकलात?' त्यांचे उत्तर मराठीत दहा ओळींत लिहा. चूक झाल्यास पान फाडू नका, रेघ मारा.